धनी कोण?

"नेपाळ? आणि तेही मोटारसायकलवरून? रेल्वे बंद पडल्या की काय रे?" आमच्या ऑफिसात रजेचा अर्ज टाकला तेव्हा पहिली प्रतिक्रिया ही. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर कार्यालयाची आगाऊ परवानगी लागते, त्यामुळे गुपचूप जाण्याची सोयच नव्हती. पंधरा दिवस मी चहाच्या टेबलावरचा विषय झालो होतो.

गाडी बाबांची. १९९४ची बुलेट, पॉइंटवाली, गिअर उजव्या पायाला. बाबा २०२०मध्ये गेले. त्याआधी २०१९ साली त्यांनी स्वतः गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. ते गेल्यावर गाडी मी पेडण्यात, म्हापशात, फार तर पणजीपर्यंत फिरवायचो. विमाही त्यांच्याच नावाने भरत राहिलो. आरसी बुकावरचं त्यांचं नाव काढायला हात होईना, एवढंच.

आता गंमत बघा. मालक वारला तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. त्यासाठी एकतीस नंबरचा फॉर्म असतो. दुसऱ्या कोणी माझ्या काउंटरवर तीन वर्षं उशिरा असा कागद आणला असता, तर मी चष्म्यावरून त्याच्याकडे कसं बघितलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. "कागद सारके आसल्यार पोलिसाक भियेवपाचें कारण ना," असं बाबा म्हणायचे. आणि त्यांच्याच गाडीचे कागद त्यांच्या कारकून मुलाने असे ठेवले होते.

नेपाळने मला धरलं ते इथे. भारतीय गाडी तिकडे न्यायची तर सीमेवर भन्सार, म्हणजे त्यांच्या जकातीचा परवाना काढावा लागतो. दिवसाच्या हिशेबाने शुल्क भरायचं आणि आरसी, लायसन दाखवायचं. आपल्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. विम्याच्या पॉलिसीतही जादा हप्ता भरून नेपाळ जोडून घ्यावं लागतं, कारण साधी पॉलिसी देशाच्या हद्दीपुरतीच असते. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र हवं. बाबांचं संमतीपत्र कुठून आणणार?

मग मृत्यूचा दाखला, आईचं आणि बहिणीचं ना हरकत पत्र, प्रतिज्ञापत्र, उशिराचा दंड. आईने सही केली आणि एवढंच विचारलं, "म्हणजे आता त्यांचं नाव कुठेच राहणार नाही?" मला उत्तर सुचलं नाही. जुनं बुक जमा करण्याआधी त्याची झेरॉक्स काढली आणि बाबांच्या हत्यारांच्या डब्यात ठेवली.

२०२३च्या नोव्हेंबरात पहाटे निघालो. पत्रादेवीला थांबायचा विचार नव्हता, पण हुतात्मा स्मारकापाशी गाडी आपोआप हळू झाली. १५ ऑगस्ट १९५५ला इथे सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर सीमेवरची ये-जा जवळजवळ बंदच झाली. माझ्या आजीचं माहेर पलीकडे बांद्याला, घरापासून चालत जाण्याइतकं. तिची आई त्याच काळात वारली. आजीला निरोप मिळाला तो बाराव्यानंतर. १९६१च्या डिसेंबरनंतर ती माहेरी गेली तेव्हा चुलीपाशी दुसरंच कोणी बसलेलं होतं. "एका कागदापायी" असं म्हणून ती ही गोष्ट संपवायची. मी त्याच रस्त्यावरून एका मिनिटात पलीकडे गेलो. कोणी हात दाखवून थांबवलंसुद्धा नाही.

कोल्हापूर, पुणे, धुळं. बुलेट गुणी बाळासारखी चालली. सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात मात्र तिने फटफट, फुसफुस सुरू केलं आणि बंद पडली. अर्धा तास थांबलं की चालू, इंजिन तापलं की परत बंद. प्लग बदलून पाहिला. मग पॉइंटचं झाकण काढलं. पॉइंट काळे पडलेले, आणि किक मारली की त्यांच्यात मोठी निळी ठिणगी. कंडेन्सर गेला होता. बाबांच्या डब्यात क्लच केबल, चेनचं लॉक, फ्यूज, पॉलिश पेपरची पट्टी, सगळं होतं. कंडेन्सर तेवढा नव्हता.

गाडी ढकलत एका टपरीपाशी नेली. मिस्त्री साठीचा, मराठी-हिंदी-निमाडी एकत्र बोलणारा. "गोव्याचे? मग समुद्र सोडून या डोंगरात काय करताय?" त्याने भंगारातून जुन्या स्कूटरचा कंडेन्सर शोधला आणि बाहेरच तारेने बांधून जोडला. पॉलिश पेपरने पॉइंट घासले आणि माझ्याच व्हिजिटिंग कार्डाची घडी घालून गॅप लावली. दुसऱ्या किकला गाडी सुरू. घेतले फक्त पन्नास रुपये. "ही गाडी कोणीतरी मनापासून सांभाळलेली आहे," असं तो म्हणाला. "वडिलांनी," मी म्हटलं. तो कंडेन्सर आजही तिथेच बांधलेला आहे.

पुढे इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर. दोन हजारांवर किलोमीटर झाले आणि आठव्या दिवशी सोनौलीची कमान दिसली. पलीकडे बेलहिया. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे सरकलं आणि साल एकदम २०८०, कारण तिकडे विक्रम संवत. भन्सारच्या खिडकीत माझ्यासारखाच एक कारकून बसला होता. चष्मा नाकावर, आणि नजरही ओळखीची. सगळे कागद त्याने सावकाश उलटले, मग विचारलं, "धनी को हो?"

धनी! हा शब्द आपल्याकडेही मालकालाच वापरतात. अंगणात उभं राहून "धनी आसा मरे?" असं विचारलं की आतून बाबा बाहेर यायचे. क्षणभर वाटलं, मागे वळून बघावं.

"मीच," मी म्हटलं.

त्याने पावतीवर माझं नाव लिहिलं आणि शिक्का मारला. ती पावती परतल्यावर बाबांच्या डब्यात, त्या झेरॉक्सच्या शेजारी ठेवली. आईला दोन्ही दाखवले. तिने आधी झेरॉक्सच वाचली.