आबांची खंजेरी

अमरावती

चि. रेवा,

तू पाठवलेला रॉक गायिका स्टीव्ही निक्सचा व्हिडिओ पाहिला. तिच्या हातातली रिबिनी बांधलेली टॅम्बुरिन पाहून तुला आबांच्या खोलीतली खंजेरी आठवली आणि 'ती नुसती भिंतीवर का?' असं तू विचारलंस. तीस वर्षं मी वर्तमानपत्रात गाण्याबजावण्यावर लिहिलं, पण घरातल्या या वाद्याची गोष्ट लिहायची राहूनच गेली.

दोन्ही वाद्यं एकाच कुळातली. पण रॉकवाल्यांच्या बऱ्याच टॅम्बुरिनना कातडं नसतं, नुसत्या झांजा. आपल्या खंजेरीचा जीव कातड्यात. पावसाळ्यात ते सैल पडतं, आवाज बद्द येतो. भजनाला निघण्याआधी आबा ती चुलीच्या धगीवर फिरवत, मधूनच टिचकी मारून कान लावत. त्यांची बोटं पडायची तिथं ते काळंभोर, गुळगुळीत झालंय.

ती त्यांच्या हातात आली तुकडोजी महाराजांमुळे. महाराजांचं मूळ नाव माणिक, जन्म 1909 चा, अमरावतीजवळच्या यावलीचा. आबा तेव्हा अकोल्यात कापसाच्या जिनात कामाला होते. एका रात्री महाराजांच्या भजनाला गेले आणि पहाटे परतले ते खंजेरीचा ध्यास घेऊन. "काय सांगू बाप्पा, तो मानूस थांबला का सारं वावर थांबे," असं सांगत.

त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला, अकोल्याजवळच्या एका गावात खंजेरी भजन स्पर्धेची बातमी करायला गेलो तेव्हा. टाळ-मृदंगाची साथ असली की गाणाऱ्याला साथीदारांना धरून चालावं लागतं. खंजेरीवाल्याचा ठेका त्याच्याच हातात. वाटलं तिथं त्यानं थांबावं, व्यसनांवर, गावातल्या घाणीवर दोन शब्द सुनवावेत आणि लोक भानावर येतात न येतात तोच पुन्हा ठेका धरावा. 1985 च्या जुलैत फ्रेडी मर्क्युरीनं वेम्ब्लीवर नुसत्या आलापांनी अख्खं स्टेडियम आपल्यामागं गायला लावलं, ते तूच मला दाखवलं होतंस. (तोही आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पहिला बँड त्यानं तिथल्याच पोरांबरोबर काढला.) महाराजांची ताकद मला त्याच जातीची वाटते. फक्त त्यांना लोकांकडून गाण्यापलीकडचंही काही हवं होतं.

1936 मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून महिनाभर ठेवून घेतलं. 1942 च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यलढ्यात चिमूर, आष्टी पेटलं, तेव्हा इंग्रज सरकारनं या भजनवाल्याला उचललं. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांतून ते डिसेंबरात सुटले. सरकार खंजेरीला भ्यालं, हे आबा फार अभिमानानं सांगत, आणि ते खोटं नव्हतं. 1955 मध्ये महाराज विश्वधर्म परिषदेला जपानला गेले, तेव्हा भजन तिथंही झालं.

आबांचा उजवा हात अर्धांगानं गेला, त्या आठवड्यात त्यांनी खंजेरी माझ्या हवाली केली. "वाजवनाऱ्यालेच देजो, शोभेले नोको ठेवू," म्हणाले. मी ती शोभेलाच ठेवली. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तू कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवतेस. तर यंदा दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधीच ये. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात महाराजांची पुण्यतिथी असते. 1968 मध्ये ज्या क्षणी ते गेले, त्या क्षणाला, म्हणजे आश्विन वद्य पंचमीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, हजारो माणसं जागच्या जागी उभी राहतात. शब्द नाही, खंजेरी नाही. मौन सुटतं आणि गावोगावची मंडळं पुन्हा भजनाला लागतात.

एका झांजेची खीळ सैल झालीय. तेवढी बसवून ठेवतो. कातडं मात्र तूच शेकून घे.

तुझा,
मामा