डॉक्टर, ही असली गाडी कशाला घेतलीत?

नेहमी मी इथे रक्तदाब, साखर, थायरॉईड, गुडघेदुखी यांवर लिहितो. आजचा विषय गाडी आहे. तरी वाचा, दमा आणि डोळे या दोन गोष्टींबद्दल तुमच्या हाती थोडं काही नक्की लागेल.

इथे इंग्लंडमध्ये माझ्या घरासमोर १९९४ सालची टोयोटा सेलिका जीटी-फोर उभी असते. कंपनीच्या सांकेतिक भाषेत एस.टी. २०५. पुण्याहून फोन आला की मेहुणे हमखास विचारतात, "अहो, त्या पैशात नवी कोरी गाडी आली असती की!" आली असती. पण ही गाडी मुळात आपल्यासारख्यांसाठी बांधलेलीच नव्हती, आणि तीच तर गंमत आहे.

रॅली म्हणजे माती, बर्फ, घाट, डांबर अशा खऱ्या रस्त्यांवरची घड्याळाशी स्पर्धा. तिथला नियम असा, की जी गाडी शर्यतीत उतरवायची तिच्यासारख्या ठराविक गाड्या सामान्य गिऱ्हाइकांसाठी बांधायच्या. 'ग्रुप ए' गटात ही संख्या आधी ५,००० होती, पुढे २,५०० झाली. याला म्हणतात होमोलोगेशन. देवाला नैवेद्य दाखवायचा म्हणून पुरणपोळी होते आणि शेवटी ती घरच्यांच्याच पोटात जाते, तसं काहीसं. टोयोटाने नियमापुरत्या २,५०० गाड्या केल्या. दोन लिटरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, वजन कमी करायला ॲल्युमिनियमचं बॉनेट, मागचा पंख ठोकळे लावून उंच केलेला. इंजिनाजवळ 'अँटी-लॅग'च्या नळ्यासुद्धा आहेत, पण रस्त्यावरच्या गाडीत त्या काम करत नाहीत. नुसत्याच असतात. बायकोला मी सांगितलं, हे गाडीचं अपेंडिक्स.

आता दम्याकडे येतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. सगळ्यांची ताकद आवाक्यात राहावी म्हणून रॅलीत त्याच्या तोंडाशी एक अरुंद कडं बसवावं लागे, रिस्ट्रिक्टर. त्याचा व्यास आधी ३८ मिलिमीटर होता, १९९५ साली तो ३४ केला. फक्त ४ मिलिमीटरचा फरक. पण भोकाचं क्षेत्रफळ काढून पाहा, ते २० टक्क्यांनी घटतं. चालकांना ते लगेच जाणवलं.

आपल्या श्वासनलिकांचं गणित याहून कडक आहे. हवा संथ वाहत असताना नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. दम्यात तीन गोष्टी नळी अरुंद करतात: आतलं अस्तर सुजतं, भोवतीचा स्नायू आवळतो आणि चिकट कफ साचतो. पटकन आराम देणारा पंप स्नायू सैल करतो, सूज मात्र तशीच राहते. सुजेसाठी रोजचा स्टेरॉईडचा पंप लागतो. "मला बरं वाटतंय, मग तो कशाला?" असं म्हणून तुम्ही तो बंद करता, तेव्हा नळी आतून हळूहळू ३८ची ३४ होत असते.

त्याच १९९५ साली कॅटालुनियाच्या रॅलीत टोयोटाची चोरी पकडली गेली. कडं असं बनवलं होतं की गाडीवर बसवून पट्टी आवळली की ते जागचं जरासं सरके आणि बाजूने जास्तीची हवा आत जाई. तपासायला पट्टी सोडली की कडं आपसूक मूळ जागी! संघावर बारा महिन्यांची बंदी आली. १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवलेल्या संघाने हे करावं याचं मला आजही वाईट वाटतं. त्या मेकॅनिकच्या हुशारीला दाद मात्र द्यावीच लागते.

दम्याचे कितीतरी रुग्णही तपासणीच्या खुर्चीत असेच 'नियमात' असतात. त्रास पहाटे तीन वाजता होतो आणि माझ्याकडे येतात सकाळी अकराला, छाती एकदम स्वच्छ. म्हणून मी घरी पीक फ्लो मीटरने सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवायला सांगतो. वहीतल्या आकड्यांतला चढउतार माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा जास्त बोलतो.

गाडी घेताना दोन पाहिल्या. पहिली एका विक्रेत्याकडे होती. झगमगीत रंग, नवी चाकं, कागदपत्रं मोजून चार. इथे दरवर्षी गाडीची सक्तीची तपासणी होते, तिला एम.ओ.टी. म्हणतात, आणि तिचा जुना इतिहास कुणालाही पाहता येतो. मी तो रुग्णाची फाईल वाचावी तसा वाचला. पाच वर्षं लागोपाठ एकच शेरा, मागच्या चाकाजवळ गंज. सहाव्या वर्षी शेरा गायब, दुरुस्तीची पावती नाही. नवा रंग कशासाठी होता ते कळलं. नमस्कार करून निघालो.

दुसरी गाडी सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांची. रंग उडालेला, सीटची कड फाटलेली, पण पावत्यांच्या दोन जाड फायली. टायमिंग बेल्ट कधी बदलला, पुढच्या सस्पेन्शनचे बॉल जॉइंट कधी (या गाडीत ते लवकर झिजतात आणि महाग पडतात), इंटरकूलरच्या पाण्याचा पंप कधी, सगळं तारखेनिशी. मी विचारलं, "मग विकता का?" ते म्हणाले, "तुमचा चेहरा मला दिसत नाही. कान दिसतात."

एवढ्यावरून मला निदान कळलं. वयोमानाने दृष्टिपटलाचा मधला भाग, मॅक्युला, झिजतो. कडेचं दिसत राहतं, नेमकं समोरचं पुसट होतं. इथल्या कायद्याने चालकाला, चष्मा असल्यास तो लावून, २० मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे. त्यांना ती येईनाशी झाली, तेव्हा कुणी सांगायच्या आत त्यांनी परवाना परत पाठवला. गाडी दाखवताना ते बॉनेटवरून हात फिरवत खाचखळगे सांगत होते, एकही चुकला नाही. त्यांची एकच अट होती: गॅरेजात झाकून ठेवणाऱ्याला विकणार नाही. किमतीवर मी घासाघीस केली नाही.

तुमच्या घरी पन्नाशीपुढचं कुणी असेल तर हे करून बघा. वाचायचा चष्मा लावा, एक डोळा झाका आणि चौकड्यांच्या वहीच्या पानावर मधल्या ठिपक्याकडे बघा. मग दुसरा डोळा. रेघा वाकड्या, लाटांसारख्या दिसल्या किंवा मधला तुकडा गायब वाटला तर आठवडे घालवू नका, नेत्रतज्ज्ञ गाठा. या आजाराच्या 'ओल्या' प्रकारात डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांनी नजर टिकवता येते, पण ती वेळेवर सुरू झाली तर. धूम्रपानाने धोका वाढतो, हे वेगळं सांगायला नको.

आता सांभाळण्याचं. गाडी मी दर आठवड्याला चालवतो. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, ब्रेकच्या तबकड्या गंजतात, टायर एकाच जागी बसतात. शस्त्रक्रियेनंतर पेशंटला आम्ही दुसऱ्याच दिवशी का उठवतो, ते आठवा. इंजिन बंद गॅरेजात कधीच सुरू करत नाही, दार उघडं असलं तरी आधी गाडी बाहेर ढकलतो. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं हीच सुरुवात, म्हणून माणसं पित्त समजून झोपतात. थंडीत गाडी बंद खोलीजवळ सुरू ठेवणाऱ्यांनी आणि गॅस गीझर असलेल्या बिनखिडकीच्या न्हाणीघरात आंघोळ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि हो, ही गाडी आजच्या अर्थाने सुरक्षित नाही. डोक्याच्या बाजूने उघडणाऱ्या पडदा-एअरबॅगा नाहीत, घसरताना सावरणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही. अपघाताचे रुग्ण पाहिलेला माणूस हे विसरू शकत नाही. म्हणून पावसात आणि रात्री मी ती काढत नाही. मुलगी चालवायला मागते. तिला कोरड्या दिवशी, शेजारी मी बसून, एवढीच परवानगी आहे. ती रागावते. रागावू दे.

महिन्यातून एकदा ते गृहस्थ शेजारच्या सीटवर बसून फिरायला येतात. खिडकी खाली करून टर्बोची शिटी ऐकतात आणि मध्येच म्हणतात, "तिसरा गिअर लवकर टाकलात." ते बरोबर असतं.

ही गाडी मी पुण्याला आणणार का, असं विचारणाऱ्यांसाठी: नाही. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार सहसा आयातच करता येत नाही, आणि जे येतं त्यावर सीमाशुल्क इतकं, की मेहुण्यांचा प्रश्न मग खरंच रास्त ठरेल. येत्या वसंतात टायमिंग बेल्ट बदलायचा आहे. त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत.