शूटिंगला मळा द्या, पण आधी विहीर दाखवा

गेल्या महिन्यात आमच्या मळ्यात अहिराणी गाण्याचं शूटिंग झालं, युट्यूबसाठी. पोरं ओळखीतली. मीही हौसेनं हो म्हटलं.

कॅमेरावाला पोरगा जोडीच्या पुढे उलटा चालत होता. डोळे स्क्रीनवर, गाणं मोठ्यानं लावलेलं. मागे पाच-सहा पावलांवर विहीर, कठडा नाही. मी ओरडलो, कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी पळत जाऊन त्याचा शर्ट धरला.

"काही व्हत नही नाना, माझं लक्ष होतं," म्हणाला. लक्ष नव्हतं. मागे वळून बघितल्यावर त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं.

पण दोष एकट्या त्याला कसा देणार? विहीर माझी, कठडा मी बांधला नाही आणि सकाळी ती दाखवलीही नाही. रोज जातो-येतो, म्हणून आपल्याला धोका दिसेनासा होतो. आणि हे आपण देवळ्याचे लोक! 28 जानेवारी 2020 ला मेशी फाट्याजवळ एसटी आणि रिक्षा विहिरीत पडली, 26 जण गेले. तरी आपल्या विहिरी तशाच.

मोठ्या युनिटलाही हे चुकत नाही. एप्रिल 2025 मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुलीला 'राजा शिवाजी'चं शूटिंग होतं. गाणं संपल्यावर एक तरुण डान्सर रंगाचे हात धुवायला कृष्णेत उतरला आणि बुडाला. स्टंट नव्हता, शॉटही चालू नव्हता. म्हणजे फक्त शॉटपुरता विचार करून भागत नाही. चहाची सुट्टी, पॅकअप, अंधारात सामान भरणं, हेही शूटिंगच.

जिथे हे नीट करतात तिथे आधी धोक्याची पाहणी करून कागदावर लिहितात: कशानं इजा होईल, कुणाला, कितपत शक्यता आहे आणि ती टाळायची जबाबदारी कुणाची. पहिला उपाय म्हणजे धोकाच टाळायचा, शॉट विहिरीपासून लांब घ्यायचा. ते जमत नसेल तर बांबू-दोरी लावून अडवायचं आणि तिथे एक माणूस उभा करायचा. "जपून रे" हा सगळ्यात शेवटचा उपाय. आपण सुरुवातच तिथून करतो.

आपल्याकडे बघायच्या गोष्टी फार नाहीत. डोक्यावरून विजेची लाईन जाते का? लोखंडी स्टँड, शिडी तिच्यापासून लांब ठेवा. जनरेटरची वायर ओल्या वाफ्यातून नेऊ नका. झाडावर मोहोळ असेल तर तिथे धूर नको, ड्रोन नको. उलटं चालणाऱ्या कॅमेरावाल्याच्या पाठीला हात लावून एक जण चालू द्या. मोबाईलला रेंज कुठे येते ते आधीच बघा, नाहीतर 108 ला फोन कुठून लावणार?

आणि एका माणसाला शूटिंग थांबवायचा हक्क द्या. तो बोलला की डायरेक्टरनंही थांबायचं, शॉट कितीही भारी असो.

कठड्यासाठी विटा कालच येऊन पडल्यात. तुमच्या मळ्यात कुणी गाणं, रील, प्री-वेडिंग करायला आलं तर चहा नंतर पाजा. आधी त्यांना घेऊन शेताला एक चक्कर मारा. कॅमेरा बंद ठेवून.