तीन गोळ्यांचा पुरावा

बंदुकीची काडतुसं लोक घरी बनवतात, हे मला नोकरीसाठी कोलोरॅडोला येईपर्यंत माहीत नव्हतं. उडालेली पितळी पुंगळी प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, आत मोजून दारू घालायची (बंदुकीची, पुण्याच्या मित्रांना हे दरवेळी सांगावं लागतं) आणि तोंडाशी विकत आणलेली गोळी दाबून बसवायची. याला हँडलोडिंग म्हणतात.

माझे घरमालक निवृत्त मशिनिस्ट. त्यांच्या गॅरेजमध्ये मी हे शिकलो. अर्थात आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स आणि शिकारीचं लायसन्स. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला त्याशिवाय रायफलीला हात लावता येत नाही. त्यांची रायफल .35 व्हेलनची. जुन्या .30-06 च्या पुंगळीची मान रुंद करून 1922 मध्ये हे काडतूस तयार झालं. गोळीचा व्यास 0.358 इंच, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या किंचित वर. एल्कसारख्या तीनशे किलोच्या जनावराला पुरेसं, पण दुकानात क्वचित मिळणारं.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पाउंडात 7000 ग्रेन. आपल्या सोनाराची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. आमचा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. पुस्तकात दिलेल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करायची, अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर जायचं, प्रायमर चपटा दिसला किंवा बोल्ट उघडायला जड गेला की थांबायचं. प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या शंभर यार्डांवर मारायच्या. ज्या तिघींची भोकं सगळ्यांत जवळ, ते माप जिंकलं.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. ऑफिसात तीन युजर्सवर ए-बी टेस्ट करून कोणी निकाल लावला, तर मीटिंगमध्ये त्याचं काय होईल?

मी पायथॉनमध्ये वीसेक ओळी लिहिल्या. एकच रायफल, एकच माप, काहीही न बदलता तीन-तीन गोळ्यांचे दहा ग्रुप. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या ग्रुपमध्ये सहज तिपटीचा फरक. निव्वळ योगायोग! त्यातला लहानगा फोटो काढून मिरवला असता, मोठा 'रायफलीला हे माप आवडत नाही' म्हणून फेकला असता. शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप पसरतोच: त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या 1.6 पट निघतो. रायफल काही बिघडलेली नसते.

घरमालकांना लॅपटॉप दाखवला. ते काही बोलले नाहीत. खणातून एक टार्गेट काढलं. त्यावर चौदा भोकं आणि प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने तारीख. रोज एकच गोळी, थंड नळीतून सुटलेली पहिली. "एल्क पहिल्याच गोळीसाठी उभा असतो," एवढंच म्हणाले. माझं गणित त्यांनी पेन्सिलीने आधीच सोडवलं होतं, आणि माझ्याहून बरा प्रश्न घेऊन.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "इतकं काट्यावर तोलून शेवटी जीवच घ्यायचा ना रे?" हो, आई. आणि म्हणूनच तोलायचं. पोटात गोळी लागलेलं जनावर दोन डोंगर पलीकडे जाऊन तासन् तास मरतं. तिला हे पटलं नाही, आणि तिला पटावं असा माझा हट्टही नाही.

शेवटी एक मधलं माप निवडलं. बाकावर रायफल टेकवून दहा गोळ्या: पावणेदोन इंच. फोरमवर दाखवण्यासारखं काहीच नाही. अजून घासून सव्वा इंच करता आलं असतं का? कदाचित. पण मग दगडाला पाठ टेकून, गुडघ्यांवर कोपरं ठेवून त्याच दहा गोळ्या मारल्या. पाच इंच. दोनशे यार्डांवर तेच दहा. एल्कचं हृदय आणि फुप्फुसं मिळून दहा-बारा इंचांची जागा. म्हणजे माझी हद्द दोनशे यार्ड, आणि ती दारूच्या मापाने नाही तर माझ्या गुडघ्यांनी ठरवलेली. उरलेली दारू मी बसून मारायच्या सरावात संपवली.

ऑक्टोबरात आम्ही वर गेलो. अंगात केशरी जॅकेट, बोटं बधिर. दुसऱ्या दिवशी उजाडताना समोरच्या उतारावर एक नर एल्क आला. रेंजफाइंडरमध्ये 312 आकडा दिसला. मी सेफ्टी काढली नाही. घरमालकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. थर्मासचं झाकण उघडून कॉफी ओतली. एल्क दहाएक मिनिटं चरला आणि अस्पेनच्या झाडीत गेला.