निवडायला बसलेली मुलं

पाळणाघरात मूल घालायला येणाऱ्या आया बाकी काही सांगोत न सांगोत, एक वाक्य हमखास सांगतात. "काकू, हा भाजी अजिबात खात नाही हं. वरणभात खातो, तूपसाखर-पोळी खातो, बटाटा चालतो." मी मान डोलावते. मूल भाजी खात नाही या माहितीचा मला फारसा उपयोग नसतो. त्याने भाजी पाहिली आहे का, हे मला विचारायचं असतं. पाहिली म्हणजे अख्खी, देठासकट, माती लागलेली. आमच्या डोंबिवलीत हल्ली मटार सोललेला मिळतो, भोपळा फोडी करून मिळतो, मेथीसुद्धा निवडून पिशवीत भरलेली मिळते. नोकरी करणाऱ्या बाईची त्याने सोय होते, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या घरातल्या पोराला भाजी पहिल्यांदा भेटते ती थेट ताटात, शिजून मऊ झालेली, आणि तीही 'खा' म्हणून डोळे वटारलेले असताना. अनोळखी माणसाची अशी ओळख करून दिली तर आपणही हात पुढे करणार नाही.

म्हणून आमच्याकडे सकाळचा नाश्ता उरकला की जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं जातं आणि सगळी भाजी निवडायला बसतात. थंडीत मटार असतो. शेंगेच्या टोकाशी चिमटीत दाबलं की फट्‌ असा आवाज होतो, शेंग उघडते, मग अंगठा आतून फिरवायचा की दाणे टपटप पातेल्यात. निम्मे पातेल्यात आणि निम्मे तोंडात, आणि मी त्यांना अजिबात अडवत नाही. ताजा मटार गोड लागतो. तोडून दोन दिवस झाले की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि गोडी उतरते. शेंगेतून थेट तोंडात गेलेला दाणा हा मटार खायचा सगळ्यात चांगला प्रकार आहे आणि तो नेमका चोरून खाल्ल्यासारखा खाता येतो, याहून मुलाला काय हवं? अगदी लहानांना मात्र मी कच्चे दाणे देत नाही, गाजराच्या चकत्याही नाही. घशात अडकायची भीती असते. त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी द्यायची. पानं तोडतात, चुरगाळतात, वास घेतात, हातभर वास घेऊन फिरतात.

पण माझी लाडकी भाजी दोडका. मुलांच्या नावडत्या भाज्यांत त्याचा नंबर फार वर असतो, म्हणूनच. दोडका हातात दिला की मूल आधी त्याच्या शिरांवरून नख ओढतं, मग तो गालावर घासून बघतं. खरखरीत लागतो. मोठी मुलं पीलरने शिरा काढतात. त्या शिरा टाकायच्या नाहीत, हे मराठी घरात सांगायला नको. थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ आणि सुकं खोबरं भाजून घ्यायचं, लसूण, मीठ, बेताचं तिखट, चिमूटभर साखर, आणि सगळं खलबत्त्यात. कुटायला पोरांची रांग लागते. मिक्सर लावला तर एका मिनिटाचं काम आहे, पण मग चटणी माझी होते. कुटलेली चटणी ज्याने कुटली त्याची असते आणि तो ती दुसऱ्याला वाढताना बढाया मारतो. साल अशी पोटात गेली की मूगडाळ घातलेल्या दोडक्याच्या भाजीकडे ते मूल निदान वैऱ्यासारखं बघत नाही. एक सूचना मात्र इथेच देऊन ठेवते. दोडक्याचा आणि दुधीचा कच्चा तुकडा आधी मोठ्या माणसाने जिभेला लावून बघावा, मुलाला चाखायला देऊ नये. कडू निघाला तर थुंकून सगळा फेकून द्यायचा. कडू दुधीने विषबाधा होते, त्यात काटकसर नको.

आता थोडं भांडण. मासिकांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, मैत्रिणींच्या गप्पांत एक मोठा उद्योग चालू असतो: भाजी लपवण्याचा. पालकाची पेस्ट डोशात, बीट पराठ्यात, दुधी चक्क केकमध्ये, आणि शेवटी विजयी वाक्य, 'मुलांना कळतसुद्धा नाही!' मुलांना कळत नाही, इथेच तर पाणी मुरतंय. पोटात चार घास गेले हे खरं, पण बीट त्याच्यासाठी अनोळखीच राहिलं. उद्या ताटात कोशिंबीर आली की तो तितकाच नाक मुरडणार. आणि लबाडी उघडकीला आली तर बीट गेलंच, बरोबर पराठ्यावरचा विश्वासही गेला. मग तो पोळीसुद्धा उलगडून, उजेडात धरून बघायला लागतो. अशी संशयी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना सावरायला वेळ लागतो.

याचा अर्थ थालीपीठ, कोबीच्या वड्या, मेथीचे मुटके करू नयेत असा नाही. पदार्थ तोच, फरक फक्त मुलाला माहीत असण्याचा. भोपळ्याचे घारगे घ्या. लाल भोपळ्याची फोड आधी सगळ्यांच्या हातांतून फिरते, बिया काढायचं गिळगिळीत काम कोणाला द्यायचं यावर मारामारी होते, मग मी किसते. कीस गूळ घालून शिजवायचा आणि गार झाला की त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ. पाणी घालायचं नाही, भोपळ्याचं अंगचं पाणी पुरतं. पांढरट कणीक हळूहळू केशरी होत जाते तेव्हा मळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं. म्हातारी ज्यात बसून लेकीकडून परत आली तो हा भोपळा, हेही अर्थात सांगून होतं. असा घारगा खाणाऱ्या मुलाला तू काय खातोयस म्हणून विचारा, ते 'भोपळा' म्हणेल.

खेळ म्हणाल तर सगळ्यात चालणारा खेळ मी भोंडल्यातून उचलला. भोंडल्याच्या शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा झाकलेला, आणि नावं घेऊन घेऊन पोरी दमतात. आमच्याकडे रोज दुपारी भाजीचं पातेलं तसंच झाकून मध्ये ठेवते. वेलीवर येते की जमिनीखाली? लांब की गोल? शिजताना वास कसा येत होता? ज्याला ओळखता येईल त्याने वाढायचं. खिरापत ओळखली की ती खाल्ल्यावाचून कोणी घरी जात नाही, तसंच हेही.

शेवग्याच्या शेंगा तर खेळणंच. आमटीतली शेंग दातात धरून ओढायची, गर आत, चोथा बाहेर. आवाज करू नये ही जेवणाची शिस्त त्या दिवसापुरती मी रद्द करते. उलट कोणाचा चोथा सगळ्यात साफ निघाला ते बघायचं.

सजावटीबद्दल माझं मत फार चांगलं नाही. काकडीची मगर, गाजराचं फूल, टोमॅटोचं जोकराचं तोंड, हे सगळं फोटोत छान दिसतं. मूल मगरीचे डोळे खातं आणि मगर ठेवून देतं. रंगांचा खेळ त्यामानाने बरा. जांभळा कोबी बारीक चिरून त्यावर लिंबू पिळलं की तो डोळ्यांदेखत गुलाबी होतो. त्याच कोबीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर पाणी निळं-हिरवं होतं (ते प्यायचं नाही, बघायचं). जांभळाने जीभ जांभळी होते तीही याच जातीच्या रंगद्रव्याने, हे सांगितलं की मोठ्या मुलांना गंमत वाटते. पण जादूचं एक आहे, दुसऱ्या दिवशी मुलं जादूच मागतात, कोबी मागत नाहीत. महिन्यातून एखादे वेळी ठीक आहे.

आमिषाचं मात्र मला वावडं आहे. 'दोन घास भाजी खा, मग श्रीखंड.' या सौद्यात मुलाला काय कळतं? भाजी ही शिक्षा आणि श्रीखंड ही सुटका. लीअन बर्च नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी लहान मुलांच्या आवडीनिवडींवर आयुष्यभर काम केलं. एखादी गोष्ट बक्षिसासाठी खायला लावली की मुलाला ती उलट कमी आवडू लागते, हे त्यांच्या प्रयोगांत दिसलं. त्यांचा 1980 सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. एका भाजीची आवड असलेल्या मुलाला, वेगळीच भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर ओळीने चार दिवस जेवायला बसवलं. कोणी आग्रह केला नाही, कोणी भाषण दिलं नाही. चौथ्या दिवसापर्यंत त्या एकट्या मुलाची निवड इतरांच्या भाजीकडे झुकू लागली होती. आपल्याकडे याला पंगत म्हणतात. घरी भेंडीला हात न लावणारं पोर माझ्याकडे भेंडी खातं म्हणून आया मला श्रेय देतात. श्रेय शेजारी बसून मिटक्या मारणाऱ्याचं असतं. म्हणून नव्या मुलाला कुठे बसवायचं याचा मी स्वयंपाकाइतका विचार करते.

चिऊचा घास, काऊचा घास याला माझा विरोध नाही. त्यात निदान माणूस बोलत असतं आणि खिडकीत खरा कावळा असतो. त्याच जागी आता मोबाइल आलाय, तिथे तोंड आपोआप उघडतं आणि आत काय गेलं याचा पत्ता नसतो. ज्याला चव कळली नाही त्याला ती आवडणार कशी? एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी करून दिली आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं आहे. आजी-आजोबा असलेल्या घरात पाळून बघा.

कारलं हा वेगळा मामला. लहान मुलांना कडूपणा मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतो. काहींच्या जनुकांमुळे तर त्यांची जीभ जन्मतःच कडूला फार हळवी असते. त्या मुलाला हट्टी म्हणणं अन्याय आहे. चकत्या मीठ लावून ठेवायच्या, सुटलेलं पाणी पिळून टाकायचं, चिंच-गूळ घालायचा किंवा कुरकुरीत काचऱ्या करायच्या, आणि ताटात एकच काचरी वाढायची. खाल्ली नाही तर उचलायची, तोंडातून शब्द काढायचा नाही, आठवड्याने पुन्हा एक. नवी चव पटायला मुलाला 8-10 वेळा, कधी 15 वेळाही ती समोर यावी लागते, असं अभ्यास सांगतात. आई तिसऱ्या वेळी थकते आणि 'त्याला कारलं आवडत नाही' असं जाहीर करून टाकते, तेही त्याच्यासमोर. मग मूलही तसंच म्हणायला लागतं. भोंडल्याच्या गाण्यातल्या सासूने सुनेला माहेरी जायला कारल्याचं बी पेरण्यापासून वाट बघायला लावली होती. सासू खाष्ट खरी, पण कारल्याला वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं.

आणि प्रमाणाचा हिशेब एकदा नीट बघा. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला 75. तीन वर्षांच्या पोराने वाटीभर पालक संपवावा म्हणून ताटाभोवती तास तास बसणाऱ्या आयांना मी हे आकडे सांगते. दोन चमचे वाढा. संपली तर पुन्हा मागेल, आणि मागून घेतलेल्या भाजीची चवच वेगळी.

उद्या बाजारातून पिशवी आणलीत की ओट्यावर नेऊ नका, जमिनीवर ओता. पसारा होईल, मेथी निवडायला दुप्पट वेळ लागेल, देठं पलंगाखाली सापडतील. तेवढं सोसा. फक्त वाल सोलायला ऐन जेवणाच्या वेळी बसवू नका. त्याला फार वेळ लागतो, आणि भूक लागलेली मुलं कुणाचं ऐकत नाहीत.