आठ पॉइंट सहा

माझ्या रिपोर्टवरच्या ८.६ या आकड्याभोवती डॉक्टरांनी लाल पेनाने गोल काढला होता. तो गोल आठवला की आजही माझं डोकं तापतं. आकडा खोटा नव्हता. पण गोल काढून झाल्यावर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, राग त्याचा आहे.

आधी थोडं मागचं. सोलापुरात माझा कडक भाकरीचा व्यवसाय आहे. घरामागे पत्र्याची शेड, सोबत चार-पाच बायका, मालदांडी ज्वारीचं पीठ, ऑर्डरी पार पुण्या-मुंबईपर्यंत. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल, थोरला चांगला चार किलोचा. त्याच्यानंतर शिंक आली की थेंबभर लघवी निसटायची. बाईच्या जातीला हे असायचंच म्हणून मी सोडून दिलं. पाळी गेली आणि त्रास वाढला. पिठाचं पोतं उचललं की परकर ओला. मग संध्याकाळ झाली की खाली काहीतरी उतरून आल्यासारखं, जड-जड वाटायला लागलं. आडवं पडलं की बरं वाटायचं, सकाळी काहीच नसायचं. आमच्याकडे याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात, आणि म्हणतात तेही कुजबुजतच.

याच्यासाठीच मी डॉक्टरांकडे गेले होते. वाक्य रिक्षात बसून घोकलं होतं: लघवी गळते आणि खाली जड वाटतं. मुलाने मध्यंतरी अख्ख्या अंगाच्या तपासणीचं पॅकेज करून घेतलं होतं, म्हणून ते कागदही पिशवीत घातले. तिथंच माझं नशीब फिरलं.

“काय त्रास?”

“थकवा येतो, कंबर धरते, आणि...” त्या ‘आणि’नंतर मी श्वास घेतला. बोलायचं म्हणजे बळ लागतं हो. तेवढ्यात त्यांचा हात कागदावर गेला होता.

“अहो मावशी, व्हिटॅमिन डी बघा तुमचं! आठ! सगळा त्रास याचाच आहे.” आणि तो लाल गोल.

मी तरी नेट लावला. “डॉक्टर, अजून एक होतं. लघवीचं जरा...”

“वयाप्रमाणे होतं हो. डी कमी असलं की स्नायू ढिले पडतात. भरून आलं की सगळं जागेवर येईल.”

साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एक, दुधातून, आठ आठवडे. बी-ट्वेल्व्हही कमी, त्याची इंजेक्शनं. कॅल्शियम. पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. तपासायचं टेबल तिथेच होतं, अर्धवट ओढलेल्या हिरव्या पडद्यामागे. त्याच्यावरच्या धुतलेल्या चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. मी उठताना त्या चादरीकडे बघत होते. दोन मिनिटं तिथे झोपवून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? बाई डॉक्टर नाही म्हणून संकोच, तर नर्स होतीच की दारात. फी मात्र पूर्ण घेतली.

घरी आल्यावर डीची वरात निघाली. मुलाने भावाला सांगितलं, भावाने वहिनीला, वहिनीने अख्ख्या भिशीला. प्रत्येकीकडे आपापला आकडा निघाला: माझं बारा, माझं चौदा, आमच्या ह्यांचं सात. डी हा चारचौघांत बोलता येईल असा आजार आहे, त्याला लाज नाही. त्याच्याबद्दल जेवताना बोलता येतं, जावयासमोर बोलता येतं. माझी खरी तक्रार त्या आकड्याच्या मागे जाऊन बसली, ती बसलीच.

आणि सोलापुरात डी कमी! एप्रिलमध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री तापतं इथे. पण विचार केला तर नवल काही नाही. त्वचेत डी तयार करणारे किरण भर दुपारचे, साधारण अकरा ते तीनच्या उन्हातले, आणि तेव्हा मी शेडमध्ये तव्यासमोर. सकाळी सहाला फिरायला जाऊन डी मिळतं ही समजूत निव्वळ भाबडी. त्यात आपला वर्ण सावळा, अंगभर कपडे. आमच्या आज्जी माळवदावर कुरडया-पापड घालत अर्धा दिवस उन्हात काढायच्या. बी-ट्वेल्व्हचं तर सरळच आहे, आम्ही लिंगायत, पक्के शाकाहारी, आणि ते मिळतं मांसाहारातून, नाहीतर दूधदुभत्यातून. आमच्याकडे दूध जातं चहात.

पुड्या संपल्या. डी चौतीसवर आलं. कंबर खरोखर सुटली, जमिनीवरून उठताना हात टेकायचा बंद झाला. गळणं मात्र होतं तसंच. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट संपेल. पिशवी काढणं म्हणजे आपल्याकडे दाढ काढण्याइतकं सोपं झालंय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा गवगवा झाला, २०१९ मध्ये नीलम गोऱ्ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमावी लागली, तरी हे वाक्य डॉक्टरांच्या जिभेवरून जात नाही. पिशवी काढल्याने लघवीची गळती थांबत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नाही म्हटलं ते केवळ दिवाळीच्या ऑर्डरी होत्या म्हणून.

शेवटी मुलीने तिच्या ओळखीतल्या एका बाई डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी टेबलावर झोपवलं, “आता जोरात खोका” म्हणाल्या, आणि मग बोलायला बसल्या. मूत्राशय, पिशवी, आतडं हे सगळं पेलणारी स्नायूंची एक झोळी ओटीपोटाच्या तळाला असते. बाळंतपणात ती ताणली जाते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजन आटतं, तिथली त्वचा आणि लघवीची वाट पातळ, कोरडी होते. त्यात मी रोज पोतं उचलणार आणि शौचाला कुंथणार. अंग दुसऱ्या पायरीपर्यंत उतरलं होतं, ऑपरेशनची घाई नव्हती. आतून लावायचं इस्ट्रोजनचं मलम दिलं, वेळ पडली तर आत बसवायची रिंग असते हे सांगितलं, आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची. म्हणाली, “काकू, खालचे स्नायू आवळा.” मी पोट आत घेतलं. “पोट नाही.” मी मांड्या आवळल्या. “मांड्याही नाही.” मग ती म्हणाली, “काकू, समोर सासरे बसलेत आणि वारा सरायला आलाय. काय कराल?” आयुष्यभर केलं तेच केलं, आणि कळलं! आवळायचं, वर ओढायचं, श्वास न कोंडता सहा-सात आकडे धरायचं, मग तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. खोकला, शिंक, वजन उचलणं यांच्या आधी क्षणभर आवळून घ्यायचं. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही. अमेरिकेतल्या अरनॉल्ड केगेल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने हे व्यायाम १९४८ मध्येच मांडले होते. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी! यात औषधाची बाटली नाही, म्हणूनच कुणी लिहून देत नसावं.

तीन-चार महिन्यांत पुष्कळ फरक पडला. सगळं थांबलं असं नाही, सर्दी झाली की अजून दगा देतं.

मी त्या मुलीला विचारलं, मग डीचं नुसतं थोतांड का? ती म्हणाली, तसंही नाही. स्नायूंना डी लागतंच. अमेरिकेतल्या पाहणीत, २०१० मध्ये छापून आलेल्या, ज्या बायकांचं डी चांगलं त्यांच्यात हे त्रास कमी दिसले होते. पण पुढे ‘व्हायटल’ नावाच्या मोठ्या प्रयोगात जवळजवळ सव्वीस हजार लोकांपैकी काहींना रोज दोन हजार युनिट आणि काहींना नुसती खोटी गोळी दिली, पाचेक वर्षं. त्यातल्या बायकांच्या लघवी गळण्यात डीच्या गोळीने फरक पडला नाही. मी म्हटलं, बघ! तर म्हणे, त्या लोकांचं डी मुळात सरासरी तीसच्या आसपास होतं, काकू. तुमच्यासारखं आठ नव्हतं.

आता घ्या. म्हणजे पुड्यांनी कंबर सुटली नसती तर हे व्यायाम मला झेपले असते का, कोण सांगणार? त्या लाल गोलवाल्या डॉक्टरांना थोडं श्रेय द्यावं लागेल की काय, या विचाराने मला जास्तच राग येतो.

शेजारच्या बाई आठवड्याची पुडी रोज घेत बसल्या. बरं वाटतं म्हणे. रक्तातलं कॅल्शियम चढलं, तहान, सारखी लघवी, घट्ट शौच. म्हणजे ज्या झोळीला जपायचं तिच्यावरच कुंथून जोर. डी अंगात साठून राहतं, जास्त झालेलं लघवीवाटे निघून जात नाही. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे.

शेडमध्ये आता पीठ दहा-दहा किलोच्या डब्यांत भरतो, पोतं कुणीच एकटीने उचलत नाही. भाकरी थापता-थापता आम्ही आवळतो आणि सोडतो, आणि आमच्यातली सगळ्यात धाकटी दर वेळी फिस्सकन हसते.

परवा जाऊबाई आल्या होत्या. त्या सारख्या उठत होत्या, आणि खोकला आला की पाय एकमेकांत अडकवत होत्या. मी म्हटलं, “ताई, तुमचं डी तपासून घ्या बरं.” मुलगा हसला, “आई, तूच डीच्या नावाने बोटं मोडतेस ना?” हसू दे. त्याच्यासमोर दुसरं काय विचारणार होते? बाकीचं दुपारी शेडमध्ये विचारलं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग दार लावून घे म्हणाल्या.