पाठभेद आणि सिंक

संगणकाने आणि मोबाइलने मराठीला जे शब्द दिले, त्यांत 'सिंक' हा शब्द दिसायला सर्वांत निरुपद्रवी आहे. त्याला कोणी 'समक्रमण' म्हणतो, कोणी 'मेळ घालणे' म्हणतो. बोलताना मात्र सगळेच 'सिंक कर' म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ उमटतो तो 'सांभाळून ठेव' असा. आमच्या मते सगळा घोटाळा या अर्थात आहे. सिंक म्हणजे जतन नव्हे. दोन ठिकाणी असलेली सामग्री एकसारखी करणे, एवढेच त्याचे काम. एकीकडे जे आहे ते दुसरीकडे येईल हे खरे. पण एकीकडे जे नाही ते दुसरीकडूनही जाईल, हेही तितकेच खरे. पहिले कलम जाहिरातीत असते, दुसरे अनुभवाने कळते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी या दुसऱ्या कलमाचा विचार करावा असे आम्हांला का वाटते, ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. नंदुरबार जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातील कळसाडी हे गाव आमच्या क्षेत्रकार्याचे गाव. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी, अशा या पट्ट्यात अहिराणी, गुजरी, भिली आणि पावरी एकमेकींच्या अंगणात बोलल्या जातात. ग्रियर्सनने भारताच्या भाषासर्वेक्षणात भिली आणि खानदेशी यांना १९०७ मध्ये एकाच खंडात बसवले, ते केवळ सोयीसाठी नसावे, असे या भागात राहणाऱ्याला वाटते. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यावर गाणी होतात. माहेरपणाला न्यायला येणारा मुराळी हा या गाण्यांचा कायमचा विषय.

२०१३ च्या आखाजीत आम्ही व आमच्या विद्यार्थिनींनी कळसाडीत एकच झोक्याचे गाणे चार बायकांकडून ऐकले आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. चाल एक, धृवपद एक. पण पहिलीच्या गाण्यात भाऊ मुराळी म्हणून येतो, दुसरीच्या गाण्यात बाप येतो, तिसरीच्या गाण्यात भावाचा लहानगा मुलगा गाडीत बसून येतो. चौथी गायिका वयाने सर्वांत मोठी. तिला अवघी आळी 'मोठी माय' म्हणे. तिच्या गाण्यात कोणीच येत नाही. वाट पाहून पाहून ती सासरच्याच झाडाला झोका बांधते. हा शेवट इतर तिघींना ठाऊक नव्हता. 'हाई आम्हनं गाणंच नही,' असे त्यांच्यापैकी एक हसत म्हणाली, तेव्हा मोठी माय काही बोलली नाही. लोकसाहित्य शिकवणाऱ्याला असा क्षण वारंवार लाभत नाही.

पुढची कथा साधी आणि रुक्ष आहे. विभागाच्या संगणकावर गाणी ऐकण्याचे, लावून ठेवण्याचे आणि मोबाइलशी मेळ घालण्याचे एक सर्वगुणसंपन्न सॉफ्टवेअर होते. त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण त्याच्यासारखी अनेक होती. ध्वनिफिती त्यात उतरल्या, एमपी-३ झाल्या, प्रत्येकीला शीर्षक दिले गेले: 'झोक्याचे गाणे, कळसाडी, पहिली गायिका', दुसरी, तिसरी, चौथी. नावे जाहीर करायला बायकांची संमती नव्हती, म्हणून गायिकेच्या रकान्यात गावाचे नाव लिहिले. काही दिवसांनी सॉफ्टवेअरने स्वतःला अद्ययावत केले. त्या नव्या आवृत्तीत 'दुबार गाणी' स्वतःहून शोधून एक करण्याची सोय आली होती. चार गाणी तिला एकच वाटली. तीन पुसली गेली. मोबाइल जोडताच तेथूनही गेली, कारण सिंकचे कामच ते. एका विद्यार्थिनीने दुसरीचे गाणे आधीच आपल्या मेमरी कार्डावर उतरवून घेतले होते, म्हणून ते वाचले. तिसरीचे आणि मोठ्या मायचे गेले. पुढच्या हिवाळ्यात मोठी मायही गेली. वहीत तिच्या गाण्याचे शब्द आहेत, आवाज नाही.

चार गाणी संगणकाला एक का वाटली, हे समजून घेण्यासारखे आहे. एमपी-३ फाइलमध्ये गाण्याचे नाव, गायक वगैरे माहिती ठेवण्याची आयडी-३ नावाची पद्धत १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी तयार केली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडायची. तीत शीर्षकाला ३० बाइट, गायकाला ३०, संग्रहाला ३०. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, तीन बाइट लागतात. 'झोक्याचे' या शब्दात अशी आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट झाले. मधल्या जागेचा एक. 'ग' चे तीन. उरले दोन, आणि काना दोन बाइटांत मावत नाही. पडद्यावर आमच्या चारही गाण्यांचे नाव 'झोक्याचे ग' असे दिसे आणि पुढे एक रिकामा चौकोन. ज्या शब्दांनी एक गाणे दुसऱ्यापासून वेगळे होणार होते, ते शब्द चिठ्ठीत पोहोचलेच नाहीत. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आयडी-३ पद्धतीने ही अडचण दूर केली होती; पण जुनी चिठ्ठी वाचणारी आणि लिहिणारी सॉफ्टवेअरे पुढे कित्येक वर्षे नांदत राहिली.

त्याच पहिल्या पद्धतीत संगीतप्रकारासाठी एक बाइट होता आणि प्रकारांची ८० नावांची यादी होती. यादीत पहिला मान 'ब्लूज'चा. लोकसंगीत त्या ८० मध्ये नव्हते. ते विनॅम्प या सॉफ्टवेअरने पुढे वाढवलेल्या यादीत ८१ वे म्हणून आले. याला आम्ही कोणाचे कारस्थान समजत नाही. तीन-चार मिनिटांचे गाणे, एक गायक, एक संग्रह, एक साल, हे ज्यांचे जग होते त्यांनी आपल्या जगाच्या मापाची पेटी केली. ओवी, झोक्याचे गाणे किंवा रात्रभर चालणारे कथागायन त्या पेटीत कोंबले की काय होते, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे.

मात्र गाणे ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरला गाणी पुसण्याचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर या सॉफ्टवेअरांच्या अंगावर चढत गेलेल्या मांसात आहे. विनॅम्प १९९७ मध्ये आले तेव्हा ते लहानसे, चपळ होते आणि गाणे वाजवत होते. २००२ ची तिसरी आवृत्ती इतकी जड निघाली की पुष्कळ लोक मुकाट्याने दुसऱ्या आवृत्तीकडे परतले. पुढची आवृत्ती काढताना कर्त्यांनी चार हा आकडाच वगळला आणि दोन अधिक तीन म्हणून पाच क्रमांक दिला. आयट्यून्स जानेवारी २००१ मध्ये आले ते गाण्यांची लायब्ररी म्हणून. मग त्यात आयपॉडचा मेळ आला, २००३ मध्ये दुकान आले, २००५ मध्ये पॉडकास्ट आणि चलच्चित्रे आली, २००८ मध्ये फोनच्या ॲपचे दुकान आले, २०१० मध्ये 'पिंग' नावाची समाजमंडळी आली आणि दोन वर्षांत गेली. शेवटी २०१९ मध्ये मॅकवर त्या एका घराची संगीत, चित्रपट-मालिका आणि पॉडकास्ट अशी तीन घरे करावी लागली. आमचा अनुभव यांपैकी कोणाचा नाही. पण वाढीची दिशा सर्वत्र हीच होती. निक्लाउस वर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्येच लिहून ठेवले होते की यंत्रे जितक्या वेगाने गतिमान होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअरे मंद होत जातात. सुटसुटीत सॉफ्टवेअरची याचना, असेच त्या लेखाचे स्वरूप होते.

वर्थची तक्रार वेगाची होती. आमची तक्रार अधिकाराची आहे. वाजवणाऱ्याने वाजवावे, ठेवणाऱ्याने ठेवावे. जो वाजवतो, ठेवतो, विकतो, आवरतो आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतोही, त्याला 'नीटनेटकेपणा' हे मूल्य सर्वांत वरचे वाटू लागते. नीटनेटकेपणाला एका गाण्याची चार रूपे हा केर वाटतो.

येथे आमच्या विषयातील एक जुने प्रकरण आठवते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू केले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. संपादकांनी एक पाठ निश्चित केला, पण ज्या पाठांना वर स्थान मिळाले नाही ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. उद्या कोणाला संपादकांचा निर्णय चुकीचा वाटला तर त्याच पानाच्या तळाशी त्याला आपला पुरावा सापडतो. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगतो: पाठ निवडणे हा संपादकाचा अधिकार आहे, नाकारलेला पाठ नष्ट करणे हा नाही.

मराठीत याची दुसरी बाजूही आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतराने आणि नकलांनी शिरलेले अबद्ध दूर करणे हा त्यांचा हेतू, आणि त्या शुद्धीमुळेच ग्रंथ घरोघर एका रूपात पोहोचला, हे उपकार मोठे. तरीही नाथपूर्व पाठ कसा होता हा प्रश्न अभ्यासकांना सोडत नाही. राजवाड्यांनी १९०९ मध्ये नाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली, तेव्हा तिच्याभोवती वाद उठले ते याच भुकेमुळे. एकनाथांसारख्या अधिकारी पुरुषाने, प्रती ताडून, श्रद्धेने केलेल्या शुद्धीनंतरही मागे इतकी हुरहुर उरते. दहा चिन्हांचे नाव पाहून निर्णय देणाऱ्या यंत्राने केलेल्या शुद्धीविषयी मग काय बोलावे?

कोणी म्हणेल, हा राग अनाठायी आहे. फोन हरवला तरी नवीन फोनवर सगळे क्रमांक परत येतात ते सिंकमुळेच. मान्य आहे. जेथे एकच खरे असते, म्हणजे दूरध्वनी क्रमांक, वेळापत्रक, हजेरी, तेथे सिंकसारखी सोय नाही. लोकगीतात मात्र एकच खरे असे काही नसते. तेथे प्रत्येक गायिका हीच मूळ प्रत. मेळ घालण्याच्या यंत्राला हे सांगता येत नाही, कारण त्याच्या रचनेतच एक मूळ आणि बाकीच्या नकला असे गृहीत धरलेले असते. आज संगणकाला तार जोडावी लागत नाही. फोन रात्री आपण झोपलेले असताना दूरच्या सर्व्हरशी मेळ घालतो. बहुतेक सेवांत फोनवरून पुसलेले तेथूनही पुसले जाते. 'जागा संपत आली आहे' हा संदेश पाहून एखादी विद्यार्थिनी फिती पुसते, तेव्हा आपण फक्त आपला फोन मोकळा करत आहोत असे तिला वाटते.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर प्रकाशित होऊ लागल्या. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव येते, आणि दोघींची ओवी एका शब्दाने वेगळी असेल तर त्या दोन ओव्या असतात. या संग्रहाचे मोठेपण आकड्यात आहेच. पण एका ओवीला दुसरीची दुबार प्रत न समजण्याच्या शिस्तीत ते अधिक आहे.

आमच्या विभागात आता क्षेत्रकार्याचे काही नियम आहेत. ध्वनिमुद्रण संपीडन न केलेल्या डब्ल्यूएव्ही स्वरूपात होते. फिती कोणत्याही संगीतसॉफ्टवेअरमध्ये शिरत नाहीत. साध्या फोल्डरमध्ये, हाताने नकलून ठेवल्या जातात. फाइलच्या नावात आधी दिनांक, मग गायिकेचा आमच्या वहीतील क्रमांक आणि मग गाव येते. गाण्याचे नाव शेवटी, म्हणजे काही कापले गेलेच तर ते कापले जावे. तीन प्रती तीन वेगवेगळ्या जागी असतात आणि त्यांतल्या एकीचा इंटरनेटशी संबंध नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी १९९९ मध्ये आपल्या जतनप्रकल्पाला जे नाव दिले त्याचा अर्थच 'पुष्कळ प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते' असा होतो. नकलाकारांच्या जिवावर टिकलेल्या मराठी वाङ्मयाला हे नव्याने सांगायला नको होते. आणि वही सुटलेली नाही. गाणे चालू असतानाच शब्द लिहून घ्यायचे, कोण हसले, कोण गप्प राहिले तेही लिहायचे.

मोठ्या मायचे गाणे आम्ही नंतर कळसाडीत आणि आसपासच्या गावांत पुष्कळ जणींना विचारले. मुराळी येतो ते गाणे सर्वांना येते. वहीतले शब्द वाचून दाखवले की बायका ऐकून घेतात, एखादी मान डोलावते. पण ते कोणी गाऊन दाखवत नाही.